दातखीळ

मी स्वतःला रंगवते ती तरस म्हणून. नवऱ्याने हात उचलला की मी मूग गिळून गप्प बसते आणि कॅनव्हासवर माझं तरस स्वतःचाच पाय फाडून खातं. नवरा ती चित्रं मिटक्या मारत बघतो.

आज त्याने माझ्या उजव्या हातावर दार आपटलं. माझ्या आतली एक म्हणत होती, सोस; दुसरी म्हणत होती, लचका तोड. सुजलेली बोटं मांडीवर ठेवून मी डाव्या हाताने रंगवलं.

तो मागे येऊन खिदळला. "काय गं, आज चारही पाय शाबूत? तुझ्या तरसाची दातखीळ बसली का?"

"नीट बघ," मी म्हणाले. "तोंड मिटलंय, कारण तुझा हात आत आहे."