सातव्याची खापरं

ड्यूक निपुत्रिक गेला, आणि रोडेनबाखच्या टेकडीवर पुन्हा वाटणी आली.

कास्पार रुटिंगरने आयुष्यात हेच पाहिलं होतं. तो तरुण असताना ड्यूकच्या घराण्यातले दोघे भाऊ वेगळे झाले. मग धाकटी पाती खुंटली, मुलूख एक झाला. आता चुलत घराण्यांनी तो जुन्याच रेघेवर पुन्हा चिरायचा ठरवला. दर खेपेला चर्चमधल्या प्रार्थनेतलं नाव बदललं, शिपायांची बटणं बदलली. गवत मात्र तेच, कापणारे हातही तेच, फक्त थकलेले.

हद्दीचा दगड सरकवता येतो, म्हणून त्याच्याखाली गुप्त खुणेची साक्ष पुरतात. ती कशाची, कशी मांडलेली, हे हद्द राखायची शपथ घेतलेल्या गावच्या सात जणांनाच ठाऊक. घरात बायकोलाही सांगायचं नाही. त्यातले सहा आता चर्चमागे निजले होते. उरला हा सातवा, एकाहत्तर वर्षांचा, गुडघ्यांनी जेरीस आलेला.

पहिल्या वाटणीचा दगड पुरात कधीच वाहून गेला होता. खरी जागा ओढ्याच्या अलीकडे होती. म्हणजे पलीकडचं वाल्बुर्गाचं, त्याच्या विधवा लेकीचं घर परमुलखात जाणार. मधे फाटक, शिपाई, परवाना. आणि तो तर रोज दुपारी तिच्याकडेच जेवायचा.

"जागा तुम्हीच दाखवणार ना, बाबा?" काल ती एवढंच म्हणाली होती.

पहिल्या वाटणीच्या वेळी साक्षीसाठी त्याने आईचा निळ्या फुलांचा वाडगा फोडला होता. तीन खापरं मातीत गेली, उरलेली पेटीत राहिली. आज त्यातली तीन खिशात घालून तो उजाडताच लेकीच्या घरामागे चढला, गुडघे टेकले, खड्डा उकरला. खापरं हातात घेतली आणि ती सहा तोंडं आठवली. ड्यूकला दिलेली शपथ ड्यूकबरोबर गेली म्हणता आलं असतं. या सहा जणांना दिलेली कुठे जाणार?

ती परत खिशात टाकून त्याने खड्डा बुजवला.

दोन्हीकडचे अधिकारी आले. एकजण हसून म्हणाला, "आजोबा, फार दमू नका. वीस वर्षांनी पुन्हा हेच करायचंय." कास्पारने ओढ्याअलीकडची जागा दाखवली. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी पाठ फिरवली, आणि त्याने एकट्याने खणलं. हातभर खाली तीन निळी खापरं, त्रिकोणात, ठेवली तशीच. त्यांच्यावर माती लोटून त्याने साक्ष सापडल्याचं सांगितलं. माणसांनी नवा दगड उभा केला.

वाल्बुर्गा खिडकीतून सगळं बघत होती. तो आत येऊन बसला, रुमाल काढताना खिशातली खापरं टेबलावर सांडली. तिने एक उचललं, फुलावरून अंगठा फिरवला.

"आजीच्या वाडग्याचं."

तिने त्याच्या गुडघ्यांवरची ओली माती पाहिली, मग मागच्या दाराकडे पाहिलं.

"विचारत नाही," ती म्हणाली. बटाट्याचं सूप वाढलं, पाव मोडून दिला. "जेवा सावकाश. फाटक उद्या बसणार आहे."