अंधारातला ठेका

सांगली ते सातारा एसटीत शकिलावहिनी खिडकीशी बसल्या होत्या आणि मी शेजारी बसून बिरोबाला एकच मागत होतो, ती कॅसेट बुरशीनं खाल्लेली निघू दे.

आमच्या बँडचं नाव ‘खडक’. रॉक म्हणजे खडक, एवढंच फारूकचं डोकं. वहिनींचा हा नवरा मिरजेतल्या सतारी करणाऱ्या घरातला. सतारीचा एक भोपळा घेऊन त्याला त्यानं गिटारचा दांडा बसवला, वर इलेक्ट्रिकची जोडणी केली. लोक हसले. पण लोडशेडिंगच्या दिवसांत वीज गेली की बाकीच्यांची गिटार मुकी व्हायची, आमची भोपळ्याच्या जिवावर गात राहायची. ड्रमवर मी. जतकडचा धनगर, ढोल बापाकडूनच हातात आलेला. “भाऊसो ठेका सोडत न्हाई,” असं फारूक स्टेजवरून सांगायचा. तेच वाक्य पुढं माझ्या मानेवर बसलं.

वीस वर्षांपूर्वी साताऱ्यात आमचा शेवटचा कार्यक्रम झाला. शेवटच्या गाण्यात वीज गेली, गर्दी पुढं रेटली, स्टेजच्या फळ्या करकरल्या. मी काठ्या टाकल्या, मागच्या बाजूनं उडी मारली आणि थेट एसटी स्टँड गाठलं. मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जो तो सांगत सुटला, अंधारात फारूक गिटार वाजवत राहिला आणि भाऊसोनं ठेका सोडला नाही, म्हणून लोक जागेवर थांबले, चेंगराचेंगरी टळली. मी ते ऐकून घेतलं. म्हटलं, घाबरलेल्या माणसाला काय काय ऐकू येतं. फारूकला विचारायची माझी छाती झाली नाही. पुढं स्टेज दिसलं की मी वाट बदलायचो. कंबरेचं निमित्त सांगून मी बँड सोडला. फारूक दुसरा ड्रमर घेईना, म्हणून ‘खडक’ तिथंच संपला. लोक म्हणतात, ऐन भरात थांबले, याला मोठेपणा म्हणतात. कसला डोंबलाचा मोठेपणा.

गेल्या वर्षी फारूक गेला. मग साताऱ्याच्या सुभेदार आप्पासोंचा फोन आला. रिटायर होऊन गावी आले होते तेव्हा त्यांनी तो कार्यक्रम सेलवरच्या टेपवर भरून घेतला होता म्हणे. आता फारूकच्या आठवणीसाठी सभा ठेवून ती कॅसेट ऐकवणार होते. त्या दिवसापासून मला धड जेवण गेलं नव्हतं.

हॉल भरलेला होता. माझ्या गळ्यात हार घातला.

“आजकालच्या पोरास्नी कळू दे, ठेका कशाला म्हंत्यात,” आप्पासो म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

आधी ड्रम, गिटार, टाळ्या. मग एकदम सगळं बंद आणि आरडाओरडा. ड्रम नाहीच. मी डोळे मिटून घेतले. आता उघडा पडलो, असं वाटलं.

तेवढ्यात फारूकचा आवाज आला, माईकशिवाय, बेंबीच्या देठापासून.

“खाली बसा. भाऊसो हाय माज्यासंगं. ठेका ऐका.”

आणि ठेका आला. ढब, ढब, पोकळ. तो ड्रम नव्हताच. फारूक भोपळ्यावर अंगठा आपटत होता, मधेच तारा, मधेच अंगठा. सतारीच्या घरात भोपळा बोटाच्या पेरानं हलकेच वाजवून बघतात, आपटत कुणी नाही. चीर गेली की भोपळा संपला. फारूक सात मिनिटं आपटत होता.

हॉल उठून उभा राहिला आणि माझ्याकडं तोंड करून टाळ्या वाजवू लागला. कुणाला फरक कळला नव्हता. मी सुटलो होतो, तरी जास्तच घाबरलो.

“वहिनी,” मी हळूच म्हणालो, “त्यो मी न्हवं. मी पळालो हुतो.”

“ठावं हाय मला, भावजी.” त्या समोरच बघत होत्या. “लिंबाएवढा अंगठा सुजला हुता त्येंचा. आठ दिस हळद मीच लावली.”

“आन् बोलला न्हाई कुनाला?”

“म्हनले, कुनाला सांगू नगंस. भ्या गेलं की भाऊसो येतोय परत.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “तुमचा ड्रम दर शुक्रवारी पुसून ठेवायचे. शेवटपातूर.”

आप्पासोंनी माईक पुढं केला. मी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि माईककडं निघालो. भीती गेली नव्हतीच.