बंद दाराशी बोलणारे मामा

लिफ्ट दुरुस्त करणारे मामा इतके तरबेज, की त्यांनी नुसता घसा खाकरला तरी अडकलेली लिफ्ट लाजून हलायची म्हणे. यात थोडं तिखटमीठ आहे, पण थोडंच.

इंग्रजी म्हटलं की मात्र मामांची दातखीळ बसायची. ते कामाला होते त्या हॉटेलात सगळे परदेशी पाहुणे. कुणी लिफ्टमध्ये अडकलं, की मामा धीर द्यायला बाहेरून ओरडत, "प्रॉब्लेम! बिग प्रॉब्लेम!" आतल्याचे प्राण कंठाशी! शेवटी साहेबांनी बजावलं, "आणखी एक तक्रार आली, की तुमची रवानगी गोदामात."

मामांची झोपच उडाली.

मग इंग्रजी शिकवायला बाई आल्या. काय शिकवायचं ते त्यांनी साहेबांना विचारलेलं, त्यामुळे सुरुवात झाली रजेच्या अर्जापासून.

"समजलं ना, मामा?"

"हो बाई, झकास!" कळलं होतं कप्पाळ.

घरी बायको म्हणाली, "अहो, अडकलेल्याला अर्ज वाचून दाखवणार का? बाईंना सांगा की!"

"बाईंना कसं सांगू?"

"तोंडानं."

दुसऱ्या दिवशी मामांनी चाचरत सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. उठल्या, लिफ्टमध्ये शिरल्या आणि म्हणाल्या, "बंद करा. दिवासुद्धा."

थोड्याच वेळात आतून आवाज आला, "मामा, आहात ना?"

"आहे की!"

"मग बोला ना काहीतरी! जीव घाबरा होतोय हो!"

घामाघूम होऊन बाहेर आल्या त्या म्हणतच, "अर्ज गेला खड्ड्यात! आधी 'मी इथंच आहे', 'लिफ्ट पडणार नाही', 'खाली बसा' एवढं शिकू. आणि मग गप्पा मारत राहायचं."

तेव्हापासून वर्ग लिफ्टच्या दारात भरू लागला. बाई आत, मामा बाहेर.

आणि एक दिवस खरोखरच एक परदेशी आजी अडकल्या. काय त्या किंकाळ्या! साहेब धावत आले. मामांनी दाराला तोंड लावलं, "आय ॲम हिअर. लिफ्ट नो फॉल. सिट, सिट." व्याकरण लंगडं, पण आवाज लोण्यासारखा. आजी शांत झाल्या. मामांनी हळूच विचारलं, "ग्रँडचिल्ड्रन?"

झालं! नातवंडं इतकी, की दार उघडलं तरी आजींचं कौतुक संपेना. मामांचा हात धरून उभ्याच!

साहेब हसले. "गोदामाचं राहू द्या, मामा."

मामा तडक बाईंकडे गेले. "बाई, माझ्यासाठी अंधारात बसलात. नुसत्या थँक्यूनं माझं समाधान होईना. आमच्या मंडळींनी तुम्हाला जेवायला बोलावलंय."

"अहो, कशाला उगीच..."

"नाही म्हणालात तर तुमचीच लिफ्ट अडकवीन!"