दादाच्या टीमची लेव्हल

कंपनीत तिला सगळे फाईलबाई म्हणत. हे नाव ठेवलं होतं तिच्या सख्ख्या भावाने, तेही भर कँटीनमध्ये. ती गुणवत्ता विभागाची प्रमुख. कामाची रीत ठरवायची, ती कागदावर आणायची आणि लोक तसं वागतात का ते पाहायचं, हा तिचा उद्योग. दादा सॉफ्टवेअरच्या एका टीमचा लीड. त्याची टीम अजाइल, म्हणजे हाती घ्यायचं ते दोन आठवड्यांपुरतंच काम, रोज सकाळी भिंतीवरच्या कार्डांसमोर उभं राहून थोडकं बोलायचं आणि कागदाचं नाव काढलं की नाक मुरडायचं. भावाबहिणीच्या कामांचं सख्य विळ्याभोपळ्याचं.

मग एका बड्या ग्राहकाने अट घातली. बाहेरचे तपासनीस येतील, कामाची पद्धत किती पक्की आहे ते पाहतील आणि तशी लेव्हल देतील. ती मिळाली तरच पुढचं काम. साहेबांनी हे लोढणं फाईलबाईच्या गळ्यात अडकवलं.

तिने डोकं लढवलं. दादाच्या टीमकडे एकही जादा कागद मागितला नाही. भिंतीचा रोज फोटो काढला, तीच नोंद. पंधरवडा संपला की टीम बसून काय चुकलं ते बोलायची. त्यातून निघालेलं शहाणपण तिने साऱ्या कंपनीची रीत म्हणून लिहून काढलं. हट्ट एकच धरला, की कुठलंही काम एकट्याच्या डोक्यात राहता कामा नये. जोड्या बदलत राहिल्या, आणि वर्षानुवर्षं फक्त दादाला ठाऊक असलेल्या खाचाखोचा सगळ्यांच्या हाताखालून जाऊ लागल्या.

"माझं डोकं म्हणजे काय सार्वजनिक वाचनालय आहे का गं?" दादाने सुरुवातीला कुरकुर केली. पण बहिणीचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता. पुढे पुढे तर तोच टीमला रागवायचा, "एकट्याने करू नका रे, कोणाला तरी शेजारी बसवा."

तपासणीच्या सकाळी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"लेव्हल मिळाली की काही लीड कमी करायचेत. ज्या टीमचं लीडवाचून चालतं, तिथे लीड कशाला पोसायचा? तुमच्या भावाची टीम यात एक नंबर. तेव्हा ही गोष्ट बाहेर जाऊ देऊ नका."

ती तशीच दादाकडे गेली. कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो भिंतीसमोर उभा होता, नवऱ्या मुलासारखा खुशीत.

"तो प्रश्न आला ना, लीड महिनाभर आला नाही तर काय, असं उत्तर देतो बघ, की तुझं नाव निघेल."

"दादा..."

"काय गं?"

"काही नाही. पाणी पिऊन जा."

तिला साहेबांची भीती वाटली, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं. तिला ती लेव्हल हवी होती.

तपासनिसांबरोबर कंपनीचं माणूस म्हणून तीही खोलीत बसली होती. तिला टिपणं घ्यायची मुभा होती, तोंड उघडायची नव्हती. प्रश्न आलाच. दादा खुर्चीत सावरून बसला आणि कोण कुठलं काम कसं उचलेल ते त्याने एकेका माणसाचं कौतुक करत सांगितलं. "माझ्यावाचून काही म्हणजे काही अडणार नाही," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघून हळूच हसला. तिने मान खाली घालून उत्तर लिहून घेतलं. त्यात खोट काढायला जागाच नव्हती.

लेव्हल मिळाली, टाळ्या झाल्या, पेपरात फोटोही आला. दादाला मात्र घरी बसवलं. पुढच्या सोमवारी टीम भिंतीसमोर उभी राहिली तेव्हा ती मागे थांबली, काहीतरी अडावं, कोणीतरी गोंधळावं म्हणून देव पाण्यात घालून. सगळे बोलले, कार्डं हलली, माणसं आपापल्या जागी गेली. तिने शिकवलेलं सगळं तंतोतंत चाललं होतं. जिन्यात जाऊन ती हुंदके देऊन रडली.

संध्याकाळी ती दादाच्या घरी गेली. दार वहिनीने उघडलं. आई गेल्यावर हिच्या वेण्या घातल्या त्या या वहिनीने; या घरात तिला कोणी दारात उभं ठेवलं नव्हतं. आज वहिनी बाजूला झाली नाही.

"तुला आधी माहीत होतं?" तिने हलक्या आवाजात विचारलं.

फाईलबाईने होकारार्थी मान हलवली. या बाईशी खोटं बोलणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

वहिनीचे डोळे भरून आले. "मी ह्यांना तेच म्हणत होते. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, तिला माहीत असतं तर तिने मला सांगितलं नसतं का? रोज हेच सांगतात मला. जेवताना सांगतात, झोपताना सांगतात."

"वहिनी, मला त्याच्याशी बोलू दे."

"आणि काय सांगशील? नोकरी गेली ती गेली. तेवढं एक तरी राहू दे त्यांच्याकडे."

आतून दादाचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

वहिनी तिच्याकडे बघतच म्हणाली, "कोणी नाही."

तिने दार हळूच लावून घेतलं. फाईलबाई बराच वेळ तिथेच उभी राहिली. बेल हाताशी होती, पण ती वाजवायचा धीर तिला झाला नाही.