कासवांना ऊब देणारी घोंगडी

हे काळं, खरबरीत काय लोंबतंय, असं वाटलं ना मित्रांनो? मी एक जुनी घोंगडी आहे, बोरीच्या मुंजाजींची. लोकर त्यांच्याच मेंढ्यांची, त्यांच्या बायकोनं, केवळाबाईंनी कातलेली. चिंचोक्याची खळ पाजून मला अशी घट्ट विणली होती, की पाऊस माझ्यावरून नुसता ओघळून जायचा!

माझं काम एकच, पण लय मानाचं. माळावर कोकरू जन्मलं, की मुंजाजी ते माझ्या खोळीत घालून पोटाशी धरायचे. थरथर थांबेपर्यंत सोडायचे नाहीत. कितीतरी कोकरं मी जगवली. मिरवायचे मी!

त्यांची लेक दीपिका परभणीला शिकली आणि चक्क समुद्री कासवं वाचवायच्या नोकरीवर कोकणात गेली. बोरीत तिची लय चेष्टा झाली. पारावरचे दिनकरराव म्हणायचे, "काय मुंजाजी, लेक कासवं राखायली म्हणं. लोकर निघती का त्यांची?" मुंजाजी हसून सोडून द्यायचे. पण लेकीचं काम बघायला ते एकदा गेलेच, मला खांद्यावर टाकून.

तिथं दीपिका पहाटे वाळूतून चालायची, कासविणीचा माग काढायची. अंडी अलगद उचलून जाळीच्या कुंपणात पुरायची आणि वर टोपली पालथी घालायची. त्या गावात अंडी खायची रीत होती. दारोदार फिरून, टोमणे गिळून तिनं गावाला कसंबसं राजी केलं होतं. गावानं पहिल्यांदाच एक घरटं राखलं होतं. पिल्लं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत समुद्रात गेली, तरच पुढची घरटी वाचणार होती.

एका सकाळी तिला पलीकडच्या किनाऱ्यावर जावं लागलं. पिल्लं वर आली तर हात लावू नका, लगेच फोन करा, असं वडिलांना बजावून ती गेली.

ती गेली आणि पिल्लं आली. टोपलीखाली इवली इवली, सारखी पाय मारणारी. वारा गार होता. लेक कामात असंल, तिला कशाला तरास, असं मुंजाजी पुटपुटले. त्यांनी पिल्लं माझ्या खोळीत भरली, मला घट्ट गुंडाळलं आणि खोपीतल्या चुलीजवळ ठेवलं. पिल्लं माझ्या आत धडपडत राहिली. मुंजाजींना वाटलं, ऊब लागली की थांबतील.

थांबली.

दीपिका परतली तेव्हा गाव जमलं होतं. तिनं मला उघडलं. आत एकही पिल्लू हलत नव्हतं.

"कुडकुडायली होती गं पोरी," मुंजाजी म्हणाले.

"कुडकुडत नव्हती, आप्पा. समुद्राकडं निघाली होती."

मागून एक कोळीण म्हणाली, "त्यापेक्षा आमी खाल्ली असती, तर कुणाच्या पोटात तरी गेली असती."

गाव पांगलं.

यंदा तिथं पुन्हा घरटं झालं. अंडी सरळ बाजारात गेली. हे दीपिकानं फोनवर आईला सांगितलं. आप्पांना फोन दे, असं ती म्हणत नाही, आणि आप्पाही मागत नाहीत. मला कसर लागली आहे. कुणी झटकतसुद्धा नाही.

मित्रांनो, मला उन्हात टाका, असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगते, कुणावर माया करायची असेल तर त्याला काय हवंय ते आधी जाणत्याला विचारा. मी पडले घोंगडी, मला विचारता येत नव्हतं. मुंजाजींना येत होतं. फोन त्यांच्या खिशातच होता.