वीरप्रतीकाची साक्ष

अमेरिकेतल्या हर्नडनच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात रत्नाकाकू त्या दिवशी योगासने करण्यास नव्हे, तर एका माणसाचे खोटे पकडण्यास गेल्या होत्या.

तो माणूस म्हणजे मोइनुद्दीन साहेब. बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात पाण्याखालून पोहत जाऊन त्यांनी शत्रूचे जहाज सुरुंगाने उडविले व त्याबद्दल त्यांना ‘वीरप्रतीक’ हा किताब मिळाला, असे केंद्रात सर्व जण सांगत. काकूंचा मुलगा सुशांत तर भारावून गेला होता. “आई, ह्यांना बाबांनीच ट्रेन केलंय! सीक्रेट कॅम्प होता. बाबांच्या वर्षश्राद्धाला त्यांना इनव्हाइट करू या ना!”

काकूंना त्यात काळेबेरे दिसले. पदक काय, बाजारातही मिळते! त्यांचे यजमान श्रीराम नौदलात पाणबुडे होते. एकाहत्तर साली पाच महिने ते कोठे होते, हे त्यांनी मरेपर्यंत सांगितले नाही. परतले ते मिशी काढून. वडील हयात असताना मुलाने मिशी उतरविलेली पाहून सासूबाईंनी आकांत मांडला होता. नवपरिणीत रत्नेने मात्र मनाशी ताडले, कोणा बाईला मिशी आवडत नसणार. तो संशय काकूंनी चोपन्न वर्षे उराशी बाळगला. आता हा म्हातारा खोटा ठरला तर संशय खरा. आणि म्हातारा खरा ठरला तर? पुढचा विचार त्यांना करवेना.

“काय हो साहेब,” काकूंनी आपल्या मोडक्या हिंदीत खडा टाकला, “आमच्या ह्यांना बंगाली कुणा बाईने शिकवली म्हणे?”

“बाई?” म्हातारा खदखदून हसला. “भाभीजी, तिथे कोंबडीसुद्धा नव्हती! श्रीराम उस्ताद आमच्या छातीला विटा बांधून आम्हाला नदीत ढकलायचे. बंगालीतला एकच शब्द त्यांना यायचा. आबार! म्हणजे पुन्हा!”

पुरुष पुरुषाला पाठीशी घालणारच, असे काकूंना वाटले. त्यांनी सापळा लावला. “मिशी मात्र शेवटपर्यंत झुपकेदार होती ना?”

म्हाताऱ्याचे हसू मावळले. “नाही. घरी निघायच्या आठ दिवस आधी काढली.”

“कोणासाठी?”

“निताईसाठी. आमच्यात सर्वांत लहान. सरावात भोवऱ्यात सापडला. घरचे सगळे आधीच मारले गेले होते, अग्नी द्यायला कोणी नव्हतं. उस्ताद म्हणाले, मी देतो. अग्नी देणारा मिशी काढतो ना तुमच्यात? कॅम्पबद्दल बोलायचं नाही, अशी शपथ होती, भाभीजी. त्यांनाही.”

काकू त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहत राहिल्या. “त्या मुलाच्या बापाचं नाव काय?”

“माहीत नाही. विचारायचं राहूनच गेलं.”

खोटे बोलणाऱ्याने एखादे नाव तयार ठेवले असते. चोपन्न वर्षे मनात रंगविलेल्या त्या बाईला आता नाकडोळेच उरले नाहीत.

घ्यायला आलेल्या सुशांतने गाडीत बसताच विचारले, “मग? बोलवायचं ना त्यांना?”

“बोलव. आणि भटजींना सांग, त्या दिवशी एका मुलाचंही तर्पण करायचंय. नाव निताई. बापाचं नाव विचारलं, तर तुझ्या बाबांचं सांग.”