त्या पत्रावरची तारीख

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे आणि सध्या मी फार रागावलेलो आहे. शिक्क्याच्या रागाला कोण विचारतो म्हणा! तरीही ऐका.

माझी मूठ लाकडाची, चौकट पितळेची. पोटात दिवस, महिना आणि वर्ष यांच्या रबरी पट्ट्या, आणि वर ‘आवक’ अशी अक्षरे. कारखान्यातून मी थेट आरोग्य संचालनालयाच्या टपाल शाखेत आलो. शाखा कसली, जिन्याखालची एक खोली! पण बाहेरून आलेले प्रत्येक पत्र आधी तिथे येई, माझा ठसा घेई आणि मगच वरच्या मजल्यावर जाई.

तिथल्या बाईंना सगळे टपालताई म्हणत. रोज सकाळी त्या माझी तारीख पुढे सरकवत आणि रद्दी कागदावर ठसा उमटवून बघत. आकडा पुसट आला तर स्वतःच्या रुमालाने माझे तोंड पुसत. एकोणीस वर्षे आम्ही असे काम केले.

एका दुपारी सरकारी रुग्णालयातले संगणक अभियंता घामाघूम होऊन खिडकीशी आले.

“ताई, हे पत्र आजच वर गेलं पाहिजे. आमच्या संगणकांत फटी आहेत. पूर्वी असली फट शोधायला हुशार चोराला महिने लागायचे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता ती दुपारभरात शोधते आणि वर चोराला किल्लीही घडवून देते.”

“मग बुजवून टाका ना!”

“आठ दिवसांचं काम आहे हो. पण त्यासाठी यंत्रणा थोडी थोडी बंद ठेवावी लागेल, आणि त्याला तुमच्या साहेबांची परवानगी हवी.”

ताईंनी पत्रावर मला उमटवले, लाल शाईने ‘तातडीचे’ लिहिले आणि स्वतः जिना चढून ते देऊन आल्या.

साहेबांनी ते माहिती तंत्रज्ञान विभागाकडे पाठवले. त्या विभागाने ‘विषय आरोग्याचा आहे’ म्हणून परत केले. साहेबांनी ‘विषय संगणकाचा आहे’ म्हणून पुन्हा पाठवले. परत आले की पुन्हा माझा ठसा! एकाच पत्रावर मी चार वेळा उमटलो. मग पाच जणांची समिती झाली. तिची पहिली बैठक दोनदा पुढे ढकलली गेली. शेवटी एक परिपत्रक निघाले : सर्वांनी पासवर्ड बदलावेत. नवा पासवर्ड कसा असावा याचा नमुनाही त्यात छापला होता. झाले! निम्म्या कचेऱ्यांनी तो नमुनाच जसाच्या तसा पासवर्ड म्हणून ठेवला. मित्रांनो, तुम्ही हसाल. मला मात्र हसू येत नाही.

कारण चौथ्या महिन्यात चोर त्याच फटींतून शिरले आणि रुग्णालयाचे सगळे संगणक एकाच सकाळी कुलूपबंद झाले. कोणाला कोणते औषध, कोणाची डायलिसिसची पाळी, काही कळेना. त्या रांगेत टपालताईंचे थोरले भाऊही होते. तीन दिवस त्यांचे रक्त शुद्ध झाले नाही. अंगावर सूज चढली. दादा कसेबसे वाचले. शेजारच्या खाटेवरचे आजोबा वाचले नाहीत.

आणि वरून निवेदन आले : ‘हा धोका कोणीही पूर्वी लक्षात आणून दिला नव्हता.’

कोणीही नाही? माझ्या पितळेला घाम फुटायचा बाकी राहिला!

चौकशी सुरू झाली त्या दिवशी साहेब जिना उतरून आमच्या खोलीत आले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. त्यांच्या हातात मूळ पत्र होते आणि त्याची एक बिनशिक्क्याची प्रत.

“ताई, या प्रतीवर गेल्या आठवड्याची तारीख मारा. पत्र संगणक बंद पडल्यावर आलं, असं दिसलं पाहिजे. जुना कागद फाडून टाका.”

“नाही मारणार, साहेब.”

“तुम्हाला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत ना?”

“माझा दादा तीन दिवस तडफडत होता. तुम्ही कोणाला निवृत्ती दाखवताय?”

साहेबांनी मला हिसकावले आणि माझ्या पट्ट्या उलट्या फिरवून प्रतीवर आपटले. खोटी तारीख उमटली, माझ्याच तोंडाने! मी काय करणार? मला ना पाय, ना आवाज. पण तेवढ्यात ताईंनी साहेबांनी टेबलावर ठेवलेले मूळ पत्र उचलले, चपला तशाच टाकून त्या अनवाणी जिना चढल्या आणि चौकशी अधिकाऱ्यांच्या पुढ्यात ते ठेवून म्हणाल्या, “पत्र आलं होतं. मीच घेतलं होतं.”

आता अभियंत्यांना परवानगी मिळाली आहे. असल्या पत्राला दोन दिवसांत, नाव घालून उत्तर द्यायचे असा नियम झाला आहे. साहेबांची बदली झाली, तीही बढतीवर! ताईंकडे मात्र खुलासा मागितला गेला, ‘कार्यालयीन शिस्त मोडल्याबद्दल’. तो त्यांनी एका ओळीत दिला : ‘पत्र आले होते.’ दादांना जिना चढवत नाही. आजोबांच्या घरी काय उत्तर गेले, ते मला ठाऊक नाही.

माझ्या जागी आता संगणकावर नोंद होते. मी खणात पडून असतो आणि त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी मोठ्या खुर्चीत बसेल. कोणीतरी धापा टाकत सावध करायला येईल. त्याचे पत्र कधी आले, एवढेच माझ्यासारखा शिक्का सांगू शकतो. ते वाचणे तुमचे काम आहे.